सेकंदाला साठ फेऱ्या

गोडो या गेम इंजिनाचा बिल्ड लावला, म्हणजे ते सोर्स कोडपासून घरी बांधायला घेतले, की टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर आरंभीच एक साधी ओळ उमटते. बहुतेक जण ती वाचत नाहीत. डोळे पुढच्या धावत्या ओळींकडे लागलेले असतात. आपण मात्र तिच्यापाशी क्षणभर थांबू. यंत्रात किती कोअर आहेत हे मोजून ती ओळ सांगते, की आठ सापडले, त्यांतले सात कामाला घेतो. एक मागे का राखला? कारण संगणक आपला आहे. तासभर चालणाऱ्या या उद्योगात मध्येच आपल्याला एखादे पत्र टंकायचे असेल, गाणे लावायचे असेल, उसाच्या बिलाचा हिशेब बघायचा असेल, तर माउसचा बाण अडखळू नये. चारच कोअर असले, किंवा त्याहूनही कमी, तर मात्र सगळेच मागून घेतले जातात. गरिबाघरी शिल्लक ठेवायला असते काय? शेकडो माणसांनी मिळून रचलेल्या, लाखो ओळींच्या आज्ञावलीत कुणाला तरी त्या एका कोअरची आठवण राहिली, आणि त्या आठवणीने संगणकासमोर बसलेल्या अनोळखी माणसाची सोय पाहिली, हे लक्षात आले की पुढचे सगळे वाचायला मन तयार होते.

गोडो मूळचे अर्जेंटिनाचे. हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर या दोघांनी ते अनेक वर्षे आपल्या कामापुरते वापरले आणि २०१४च्या फेब्रुवारीत त्याचा सगळा सोर्स कोड एमआयटी परवान्याखाली खुला केला. बेकेटच्या ज्या नाटकावरून हे नाव आले, त्यातल्या वाट पाहणाऱ्यांच्या पदरी अखेरपर्यंत वाटच पडते; इथे निदान तासाभराने कोणीतरी येते. तयार इंजिन काही मिनिटांत डाउनलोड होत असताना हा तास कशाला घालवायचा, असे व्यवहारी माणूस विचारील, आणि त्याला पटेल असे उत्तर माझ्यापाशी नाही. घरी बांधलेल्या इंजिनाची प्रत्येक ओळ आपल्या डिस्कवर, हाताशी असते. ती उघडावी, वाचावी, नाही रुचली तर बदलावी. मोबाइलच्या राज्यातही डेस्कटॉपने आपला मान राखला आहे तो याच बळावर.

काटेवाडीत बसून हे करण्यात आता नवल राहिलेले नाही. बारामतीहून इंदापूरकडे निघालेल्या रस्त्यावरचे हे गाव. बारामतीच्या विद्या प्रतिष्ठानमध्ये अभियांत्रिकी आणि माहिती तंत्रज्ञान शिकणारी मुले भोवतालच्या वाड्यावस्त्यांतूनच जातात, आणि उसाच्या पट्ट्यातल्या घरांत यूपीएसवर चालणारा एखादा डेस्कटॉप ओळखीचा झाला आहे. त्यावर विंडोज असो की लिनक्स, गोडोला दोन्ही चालते. लिनक्सवरची आज्ञा एवढीच: स्कॉन्स प्लॅटफॉर्म=लिनक्सबीएसडी टार्गेट=एडिटर. एंटर दाबायचे आणि पंख्याचा आवाज वाढू द्यायचा.

ओळी धावू लागतात. पहिलाच बिल्ड असेल तर त्यांच्या डाव्या कडेला एरवी दिसणारी टक्केवारी नसते. तिथे 'इनिशियल बिल्ड' एवढेच शब्द दिसतात. स्वयंपाकघरातून आजी विचारते, "अजून किती वेळ रं?" आणि आपल्याला सांगता येत नाही, कारण इंजिनालाच ते ठाऊक नसते. किती फायली पार करायच्या हे त्याने अजून मोजलेले नाही, म्हणून ते आकडा सांगत नाही. बिल्ड पुरा झाला की ती संख्या एका लपवलेल्या छोट्या फायलीत टिपली जाते, आणि पुढच्या खेपेला टक्के उमटू लागतात. प्रगतीच्या हिरव्या पट्ट्या नव्याण्णव टक्क्यांवर येऊन अर्धा अर्धा तास रेंगाळताना आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्या लबाडीपुढे हे निरागस अज्ञान किती सुखद वाटते!

गावाकडच्या बिल्डला एक शत्रू असतो, आणि तो कोड लिहिणाऱ्यांच्या हातातला नसतो. वीज गेली, यूपीएसने टुकटुक सुरू केली, की घाईने स्विचकडे धावायचे नाही. आधी कंट्रोल-सी दाबायचे. बिल्ड चालवणारी स्कॉन्स ही आज्ञावली तेवढ्या क्षणांत कुठवर आलो याची नोंद करून घेते आणि मग थांबते. वीज परतली की तीच आज्ञा पुन्हा द्यायची. झालेले काम झालेलेच राहते, उरलेलेच पुढे सुरू होते. ही नोंदही पाहण्यासारखी आहे. फायलीवरची वेळ बदलली म्हणून स्कॉन्स फसत नाही. ती आतला मजकूर पाहते. आपण एखादी फाइल उघडली, एक अक्षरही न बदलता सेव्ह केली, तर घड्याळ पुढे सरकलेले असते, पण मजकूर तोच असतो, आणि ती फाइल पुन्हा कंपाइल होत नाही.

धावत्या ओळींतून अधूनमधून काही विचित्र नावे चमकून जातात, शेवटी 'जेन' हे शेपूट असलेली. ही कुणी हाताने लिहिलेली नसतात; बिल्ड चालू असतानाच जन्मलेली असतात. एडिटरमधले प्रत्येक चिमुकले चिन्ह मुळात एसव्हीजी चित्र असते. बिल्डच्या वेळी ते अक्षरांच्या माळेत रूपांतरित होऊन सी प्लस प्लसच्या कोडमध्ये जाऊन बसते. पडद्यावर रंग आणि उजेड कसा पडावा हे सांगणारे शेडर तसेच, आणि मदतीची पानेही तशीच, दाबून बारीक केलेली. पुढे कधीतरी इंटरनेट बंद असताना एफ-वन दाबून आपण एखाद्या नोडची, म्हणजे खेळाच्या एखाद्या घटकाची, माहिती वाचतो, तेव्हा ती कुठूनही आणलेली नसते. ती त्या इंजिनाच्या देहातच असते. म्हणून अखेरच्या लिंकिंगनंतर हाती येते ती एकच फाइल, शे-दीडशे एमबींची. तिला इन्स्टॉल करावे लागत नाही. पेन ड्राइव्हवर घालून सणसरच्या मित्राकडे न्यावी आणि दोनदा क्लिक करावे.

क्लिक केल्यावर प्रथम काय घडते? सोर्समध्ये 'प्लॅटफॉर्म' फोल्डर उघडून लिनक्सबीएसडीची मुख्य फाइल पाहू. एवढ्या प्रचंड इंजिनाचा उगम एका आटोपशीर फायलीत आहे, आणि तिचा गाभा चारच पावलांचा: मांडणी कर, आरंभ कर, चालव, आवर. 'चालव' म्हणजे तरी काय, तर एक कधी न थांबणारा लूप. त्यात दोनच गोष्टी आळीपाळीने घडतात. कीबोर्ड, माउस, खिडकी यांच्याकडून काही निरोप आला का ते बघायचे, आणि मग खेळाचे एक आवर्तन पुरे करायचे. आवर्तनाने 'आता पुरे' म्हटले तरच बाहेर पडायचे. गोदावरीचा उगम पाहायला ब्रह्मगिरीवर गेलेल्या माणसाला ती बारीकशी धार पाहून जो विस्मय वाटतो, तो इथे घरबसल्या मिळतो.

त्या आवर्तनाचा आस्वाद घ्यायचा तर हाताशी काही खेळ हवा, आणि काटेवाडीत बसून दुसरा कुठला खेळ सुचणार? संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून सणसरकडे जाताना काटेवाडीत विसावते. परीट समाजाची मंडळी धोतराच्या पायघड्या घालतात, आणि मग मेंढपाळ मेंढ्या आणून पालखीभोवती रिंगण धरतात. पुढे बेलवाडीला अश्वांचे गोल रिंगण होते. पण मेंढ्यांचे रिंगण ही काटेवाडीची आपली खूण. पालखी मध्ये, आणि तिच्याभोवती लोकरीची, धुळीची, घंटांची ती वर्तुळाकार लाट. एवढे दृश्य पडद्यावर आणायचे, बस.

गोडोत सगळे काही नोडच्या झाडावर वसते. आपल्या झाडाचे मूळ 'रिंगण'. त्याच्या पोटी 'पालखी' आणि 'कळप'. कळपाच्या पोटी वीस-पंचवीस मेंढ्या. शिवाय कोपऱ्यात फेऱ्यांचा आकडा दाखवणारे एक लेबल. नोडची नावे मराठीत ठेवता येतात, आणि ४.० आवृत्तीपासून जीडीस्क्रिप्ट या गोडोच्या भाषेतली चलांची नावेही: वेग, कोन, त्रिज्या, फेऱ्या. हे झाड जिवंत होण्याचा क्रम मला या इंजिनातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. झाडात प्रवेश होतो तो वरून खाली: आधी रिंगण, मग कळप, मग एकेक मेंढी. पण 'सज्ज झालो' ही घोषणा उलट्या दिशेने चढत जाते. पहिल्यांदा मेंढी म्हणते, मी सज्ज. मग दुसरी, तिसरी. शेवटची मेंढी सज्ज झाल्याशिवाय कळप तसे म्हणू शकत नाही, आणि पालखी, कळप, लेबल या साऱ्यांची घोषणा होईपर्यंत रिंगणाला गप्प राहावे लागते. निमंत्रण थोरांकडून धाकट्यांकडे, होकार धाकट्यांकडून थोरांकडे. या क्रमाचा व्यावहारिक लाभही आहे: रिंगणाच्या सज्जतेच्या क्षणी त्याने कुठल्याही मेंढीला हाक मारावी, ती हजर असणारच याची खात्री असते. तरी मी तो लाभ मागाहून सांगितला, कारण आधी भावते ती रीत.

आता एफ-फाइव्ह दाबू. रिंगण फिरू लागते, आणि आपण ज्याची वाट पाहत होतो ते आवर्तन डोळ्यांदेखत सुरू होते. एका आवर्तनात काय काय होते पाहा. आधी भौतिकीची पावले: कोण कुठे सरकले, कोण कुणाला धडकले. मग प्रत्येक नोडला विचारणा, तुला या क्षणी काही करायचे आहे का. आणि अखेर रेखाटन. भौतिकीची लय ठरलेली, सेकंदाला साठ. आपण बदलली नाही तर हाच ठेका. रेखाटनाची लय मात्र यंत्राच्या ताकदीवर. जुना डेस्कटॉप धापा टाकत सेकंदाला तीसच चित्रे काढू शकला, तर इंजिन एका चित्रामागे भौतिकीची दोन पावले टाकते आणि मेंढ्यांचा वेग जिथल्या तिथे राहतो. अशी भरपाई किती करावी यालाही मर्यादा आहे: एका चित्रामागे आठ पावले, अधिक नाहीत. साठाला आठाने भागले तर साडेसात. म्हणजे चित्रे सेकंदाला साडेसातच्याही खाली घसरली की इंजिन भरपाईचा हट्ट सोडते आणि सगळा खेळच संथ करते. नाहीतर मागचे भरून काढता काढता नवे काम साठत जाईल आणि यंत्र त्यातून कधीच वर येणार नाही. कर्ज फेडायला कर्ज काढण्याची वाट कुठे जाते हे ऊसपट्ट्याला वेगळे सांगायला नको.

मेंढीच्या स्क्रिप्टमधली एक ओळ जवळून पाहू: कोन अधिक बरोबर, वेग गुणिले डेल्टा. डेल्टा म्हणजे मागच्या खेपेपासून या खेपेपर्यंत लोटलेला काळ, सेकंदाचा साठावा भाग किंवा त्याच्या आसपास. कोन इतका इवलासा वाढवायचा आणि त्याचे कोसाइन आणि साइन घेऊन त्रिज्येने गुणायचे, की मेंढीची नवी जागा मिळाली. दहावीच्या वर्गात ज्या साइन-कोसाइनने अनेकांची झोप उडवली, ती इथे लोकर पांघरून गोल गोल धावतात! डेल्टा गाळला तर? खेळ तरीही चालेल, पण नव्या यंत्रावर मेंढ्या भिरभिरतील आणि जुन्यावर रेंगाळतील. तो एक गुणाकार गरीब आणि श्रीमंत यंत्रांना एकाच काळात आणून उभे करतो. आपल्या जिल्ह्यातच, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी' हा खेळ अनरियल इंजिनावर उभारला. पहाडी चित्रशैलीचे रंग, छायाबाहुल्यांनी सांगितलेली कथा, राक्षसांशी झुंजत भावाला शोधणारी मुलगी. तिच्या प्रत्येक उडीच्या तळाशीही काळाचा असाच बारीक तुकडा मोजला जात असतो. इंजिन निराळे, हिशेब तोच.

आणि आता कोपऱ्यातले ते लेबल. इथे आपण मराठी वाचक म्हणून जरा ऐसपैस बसू, कारण या इंजिनाने आपल्यासाठी जे केले ते या लेबलात दिसते. 'फेऱ्या' हा शब्द संगणकाच्या स्मृतीत सरळ रांगेत उभा असतो: फ, एकार, ऱ, हलन्त, य, आकार. डोळ्यांना जे दिसायला हवे ते मात्र सरळ रांगेत नसते. एकार फच्या डोक्यावर चढायला हवा, आणि ऱ व हलन्त मिळून यच्या खांद्याला टेकलेली ती नाजूक आडवी पापणी व्हायला हवी. 'विठ्ठल' लिहा. स्मृतीत व आधी, वेलांटी नंतर. पडद्यावर वेलांटीने वच्या पुढे येऊन उभे राहिले पाहिजे, आणि एका ठने दुसऱ्याला बिलगले पाहिजे. गोडोच्या तिसऱ्या पिढीला हे येत नव्हते. अक्षरे जशी रांगेत तशी पडद्यावर मांडली जात. वेलांटी चुकीच्या बाजूला, जोडाक्षरे विस्कटून हलन्तांसह उघडी पडलेली. मराठीत खेळ करू पाहणारे मग शब्दांची चित्रे करून चिकटवीत.

२०२३च्या मार्चमध्ये चौथी पिढी आली, आणि तिच्यासोबत अक्षरांसाठी एक स्वतंत्र टेक्स्ट सर्व्हर. हार्फबझ नावाची लायब्ररी त्याच्या पोटात आहे. आपल्या बिल्डमध्ये ती 'थर्डपार्टी' फोल्डरमधून कंपाइल होत गेली तेव्हा आपण तिच्या ओळी धावताना पाहिल्याच. तिचे काम एवढेच: अक्षरांची रांग घ्यायची, फाँटातले नियम वाचायचे, आणि कुठले वळण कुठे बसवायचे ते ठरवायचे. त्याच 'थर्डपार्टी'त एक नोटो सान्स देवनागरीची फाइलही आहे. एडिटरच्या फाँटांत तिचा समावेश झालेला आहे. लेबलला भाषाही सांगता येते. तिथे मराठी निवडली, आणि फाँटात मराठीसाठीची वळणे दिलेली असली, तर ल आणि श हिंदी पाठ्यपुस्तकातले न राहता आपल्या बालभारतीतले होतात: लची ती दोन पोटे, शचा तो देठ. इतक्या बारकाईने मराठी डोळ्याची सोय पाहणारी माणसे बहुधा मराठी नव्हती, आणि मला या सगळ्यात हीच गोष्ट फार हृद्य वाटते.

हवे तर हे सारे काढून टाकून पाहता येते. बिल्डच्या आज्ञेत प्रगत टेक्स्ट सर्व्हर बंद करा, साधा चालू करा, आणि पुन्हा बांधा. फाइल थोडी लहान होते, आणि 'विठ्ठल'ची वेलांटी पुन्हा वच्या मागे जाऊन बसते. तयार डाउनलोडवाल्याला हा प्रयोग करता येत नाही, एवढे मात्र त्या व्यवहारी माणसाला ऐकवायला हरकत नाही.

ज्या एडिटरमध्ये बसून आपण रिंगण मांडले, त्याचे गमतीदार रहस्य असे, की तो एडिटरही गोडोतलाच एक खेळ आहे. त्याची बटणे, याद्या, खिडक्या हे सारे त्याच जातीचे नोड, त्याच झाडावर वाढलेले, त्याच आवर्तनात फिरणारे. आपल्या मेंढ्या मात्र त्याच्या झाडावर नसतात. एफ-फाइव्ह दाबल्यावर एडिटर स्वतःचीच आणखी एक प्रत वेगळ्या प्रोसेसमध्ये सुरू करतो आणि खेळ तिच्या स्वाधीन करतो. खेळात काही चुकून तो कोसळला, तरी एडिटर जागचा हलत नाही.

घरी बांधल्याची सही उमटवायची असेल तर 'मेन' फोल्डरमधले स्प्लॅशचे चित्र बदलून आपले ठेवा. दुसऱ्या बिल्डला टक्के दिसतात, मोजक्या फायली नव्याने होतात, लिंकिंग होते आणि खेळ उघडताना आपले चित्र समोर येते. प्रोजेक्ट सेटिंगमधूनही हे दोन मिनिटांत साधते, असे जाणकार सांगतील. सांगू देत.

खेळ दुसऱ्याच्या यंत्रावर द्यायचा तर एडिटरचे ओझे कशाला? टार्गेट=टेम्प्लेट_रिलीज असा आणखी एक बिल्ड लावायचा; त्यात एडिटर नसतो, उरते ते चालण्यापुरते इंजिन. ग्राफिक्स कार्ड जुने असेल तर रेंडरर 'कम्पॅटिबिलिटी' ठेवायचा, तो ओपनजीएलवर भागवतो. एमआयटी परवाना पैसे मागत नाही, खेळाच्या उत्पन्नात वाटा मागत नाही. परवान्याचा मजकूर सोबत असावा एवढेच त्याचे म्हणणे. त्याचीही सोय इंजिनाने करून ठेवलेली आहे: एका फंक्शनला हाक मारली की परवान्याचा मजकूर हाती येतो, दुसऱ्याला मारली की आतल्या लायब्रऱ्यांच्या कर्त्यांची नावे. ती नावे आपल्या श्रेयनामावलीत सोडायची. मेंढ्यांचे आवाज कोणी रेकॉर्ड केले, पालखीचे चित्र कोणी काढले, अशी गावातली नावे आधी सरकत जातील, आणि त्यांच्या पाठोपाठ त्याच फाँटात, त्याच वेगाने, फ्रीटाइप, हार्फबझ, झेडलिबवाल्यांची. वेग गुणिले डेल्टा.